वाचक विचारतात: शंभरात न आलेल्या रेकॉर्डी

मागच्या अंकात जुन्या ४५ स्पीडच्या (मिनिटाला ४५ फेरे) छोट्या रेकॉर्डींबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, तेव्हापासून पत्रं आणि मेसेज येतच आहेत, म्हणून या वेळचा पूर्ण कॉलम रेकॉर्डींना. साठच्या दशकातल्या ज्या सिंगल्स, म्हणजे एका बाजूला एक गाणं असलेल्या रेकॉर्डी, चार्टच्या (दर आठवड्याच्या गाजलेल्या गाण्यांच्या यादीच्या) दारापर्यंत गेल्या आणि आत शिरल्या नाहीत त्यांच्याबद्दल सगळ्यात जास्त विचारणा झालीय, आणि खरं सांगायचं तर माझाही जीव त्यांच्यातच जास्त आहे, तर सुरुवात तिथूनच करू.

दादा, नमस्कार. माझे मामा मर्चंट नेव्हीत रेडिओ ऑफिसर होते, रिटायर झाल्यावर महूला राहिले. ते गेले, आता घर रिकामं करतोय तर कपाटावर पत्र्याची एक पेटी निघाली, आत सत्तरेक छोट्या रेकॉर्डी, सगळ्या इंग्रजी, बऱ्याचशा अमेरिकेतल्या. एकही गाणं ओळखीचं नाही. नेटवर शोधलं तर कुठे "बबलिंग अंडर १०४" असं येतं, कुठे १११, काही तर कुठेच नाहीत. भाऊ म्हणतो अटालेवाल्याला (भंगारवाल्याला) देऊन मोकळा हो. चार्टमध्येच आल्या नाहीत म्हणजे टाकाऊच ना? – एक वाचक, रामबाग, इंदूर

अटालेवाल्याला आधी परत पाठवा, बाकीचं मग बोलू.

टाकाऊ अजिबात नाहीत. तुम्हाला जो १०४ नंबर दिसतोय तो कुठून आला ते समजून घ्या म्हणजे भावालाही समजावता येईल. अमेरिकेत बिलबोर्ड नावाचं धंद्याचं साप्ताहिक आहे, त्यांनी ४ ऑगस्ट १९५८ पासून हॉट १०० ही यादी सुरू केली आणि पुढच्याच वर्षी जूनमध्ये तिच्याखाली अजून एक छोटी यादी जोडली, बबलिंग अंडर, म्हणजे शंभराच्या दारात उभी असलेली गाणी. साठच्या दशकात ही यादी कधी छोटी असायची, कधी १३५ पर्यंत जायची. म्हणजे तुमची १०४ नंबरची रेकॉर्ड त्या आठवड्यात एवढ्या मोठ्या देशात १०४ नंबरवर होती! त्या काळात तिथे दर आठवड्याला नव्या सिंगल्सचा ढीग यायचा, त्यातल्या बहुतेकांचं नाव कुठल्याच यादीत कधी लागलं नाही. १०४ म्हणजे पडलेलं गाणं नाही हो, कुठल्यातरी शहरात ते दणकून वाजलेलं असणार.

आणि इथेच खरी गंमत आहे. यादी बनायची दुकानांच्या विक्रीवरून आणि रेडिओ स्टेशनांवर काय वाजतंय त्यावरून, शहराशहरांतून माहिती गोळा करून. आता छोट्या कंपनीची रेकॉर्ड असेल तर ती सगळ्या देशात एकदम पोचायचीच नाही, आज एका शहरात चालली, डिस्ट्रिब्युटरने माल उचलला, तीन आठवड्यांनी दुसरीकडे चालायला लागली तोवर पहिल्या शहरात थंड पडली. लग्नात हजार माणसं जेवून जातात पण पंगती-पंगतीने आली तर हॉल कधी भरलेला दिसतच नाही, तसंच. एकूण खप चांगला, पण कुठल्याही एका आठवड्यात आकडा एवढा होत नाही की शंभरात नंबर लागेल. टॉमी जेम्स या अमेरिकन गायकाच्या हँकी पँकीचं बघा, १९६४ मध्ये स्नॅप नावाच्या छोट्या लेबलवर, म्हणजे छोट्या कंपनीच्या नावाखाली, निघालं, आसपास थोडंफार वाजलं आणि संपलं, ग्रुपही फुटला. पुढे पिट्सबर्गमध्ये एका डीजेच्या हाती ती जुनी रेकॉर्ड लागली, लोकांनी डोक्यावर घेतली, तिथे चोरून कॉप्या छापल्या गेल्या, मग रूलेट या मोठ्या लेबलने हक्क घेतले आणि १९६६ च्या जुलैमध्ये तेच गाणं, तेच रेकॉर्डिंग, देशात एक नंबर. गाणं बदललं नव्हतं, ते पोचवणारे बदलले होते.

शिवाय यादी एकच नव्हती. बिलबोर्डच्या जोडीला कॅश बॉक्स नावाचं दुसरं साप्ताहिक होतं, त्यांची वेगळी टॉप १०० आणि खाली लुकिंग अहेड नावाची वेगळी यादी. त्यामुळे एखादी रेकॉर्ड एकीकडे हुकलेली आणि दुसरीकडे आत, असं पुष्कळदा दिसतं. तुम्ही फक्त एका ठिकाणी शोधून थांबू नका. बबलिंग अंडरच्या सगळ्या नोंदी जोएल व्हिटबर्न नावाच्या माणसाने आयुष्य घालवून एकत्र केल्या, आज नेटवर जे आकडे सापडतात त्यातले खूपसे त्याच्याच मेहनतीवर उभे आहेत.

पेटीत ब्रिटिश रेकॉर्डी असतील तर त्यांची कथा अजून वेगळी. तिथला पहिला चार्ट १४ नोव्हेंबर १९५२ ला न्यू म्युझिकल एक्सप्रेस या संगीताच्या पेपरने छापला, वीसेक दुकानांना फोन करून. रेकॉर्ड रिटेलर या धंद्याच्या पेपरने मार्च १९६० मध्ये टॉप ५० सुरू केली तेव्हा ती तीसेक दुकानांच्या आकड्यांवर उभी होती. तीस दुकानं! त्यातल्या दोन दुकानांत त्या आठवड्यात माल संपलेला असेल तरी पन्नासावी रेकॉर्ड साठावर जाईल. १९६९ च्या फेब्रुवारीत बीएमआरबी या संस्थेने अडीचशे दुकानांच्या नोंदींवरून चार्ट करायला सुरुवात केली तेव्हा कुठे जरा भरवसा आला. बीटल्सचं प्लीज प्लीज मी बाकीच्या पेपरांत एक नंबर आणि रेकॉर्ड रिटेलरमध्ये दोन नंबर, हे तर प्रसिद्धच आहे. बीटल्ससारख्यांच्या बाबतीत असं होत होतं तर एक्कावन्नाव्या नंबरवरच्या बिचाऱ्या नव्या पोरांचं काय झालं असेल?

रेडिओचंही तसंच. बीबीसीवर रेकॉर्ड वाजवायच्या तासांना वादकांच्या युनियनमुळे मर्यादा होती, म्हणून १९६४ मध्ये रेडिओ कॅरोलाइनसारखी समुद्रातल्या जहाजांवरची स्टेशनं आली आणि तरुण मंडळी तीच ऐकायला लागली, ऑगस्ट १९६७ मध्ये कायदा करून त्यांच्यावर बंदी आणली, बहुतेक बंद पडली, कॅरोलाइन मात्र अजून काही महिने चालू राहिली. डेव्हिड मॅकविल्यम्सचं द डेज ऑफ पर्ली स्पेन्सर १९६७ चं, कॅरोलाइनवर रात्रंदिवस वाजलं कारण गायकाच्या मॅनेजरचे त्या स्टेशनशी संबंध होते, बीबीसीने मात्र त्याला हात लावला नाही, आणि ब्रिटनच्या चार्टमध्ये ते आलंच नाही. युरोपात चाललं. पंचवीस वर्षांनी १९९२ मध्ये मार्क आमंड या ब्रिटिश गायकाने तेच गायलं तर चौथ्या नंबरवर. असली उदाहरणं एकदा दिसायला लागली की चार्टमधला नंबर ही गाण्याची परीक्षा आहे असं मनात येईनासं होतं, तो त्या आठवड्याच्या वाटपाचा आणि ओळखीपाळखीचा हिशोब असतो.

तर आता पेटीचं काय करायचं. रेकॉर्डी ज्या क्रमाने ठेवल्यात तो क्रम मोडू नका, आधी मोबाइलने फोटो काढा. प्रत्येकीच्या दोन्ही बाजूंच्या लेबलचा (मधल्या गोल कागदाचा) फोटो, आणि गाणं संपल्यावर लेबलच्या कडेला जी कोरी जागा असते तिथे कोरलेले किंवा खरवडलेले नंबर असतात ते भिंग घेऊन उतरवून काढा. तिथे छोटा त्रिकोण आणि पुढे आकडे दिसले तर ती लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यात निघालेली रेकॉर्ड, आणि त्या आकड्यावरून साधारण कधी छापली तेही कळतं. कागदी कव्हरं फेकू नका, कितीही फाटकी असली तरी. त्यांच्यावर दुकानाचा शिक्का असेल तर मामांचं जहाज कुठल्या बंदरात लागलं होतं हे कळेल, आणि एका रेडिओ ऑफिसरने बंदरा-बंदरात उतरून स्वतःच्या कानाने निवडलेल्या सत्तर रेकॉर्डी ही गोष्टच मुळी दुर्मिळ आहे. मामांनी लेबलवर पेनाने तारीख-बिरीख घातली असेल तर ती पुसू नका, विकणारे म्हणतील पुसा म्हणून, ऐकू नका.

माझ्याकडे साठच्या दशकातल्या सोल म्युझिकच्या (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या संगीताच्या) काही सिंगल्स आहेत. ऐकलं की इंग्लंडमध्ये अशा एकेका रेकॉर्डला लाखो रुपये मिळतात. इथे एक जण सगळ्या मिळून फारच कमी किंमत देतोय, थांबू का? – अलकापुरी, वडोदरा

थांबा, पण लाखांची स्वप्नं बघत थांबू नका.

तुम्ही जे ऐकलंय ते नॉर्दर्न सोलबद्दल. उत्तर इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या गावांत तरुण पोरं शनिवारी रात्रभर नाचायची, मँचेस्टरचा ट्विस्टेड व्हील क्लब आणि नंतर विगन कसिनो, हा दुसरा १९७३ ते १९८१ चालला. त्यांना चार्टमधली गाणी नको असायची, साठच्या दशकातली अमेरिकेत न चाललेली, वेगवान तालाची सोल सिंगल्सच पाहिजेत, आणि प्रत्येक डीजेला अशी रेकॉर्ड पाहिजे जी दुसऱ्याकडे नाही. इतकी चुरस की डीजे लेबलवर कागद चिकटवून खोटं नाव लिहायचे म्हणजे शेजारच्याला कळू नये कुठली आहे. अमेरिकेतल्या गोदामांत धूळ खात पडलेला माल ही मंडळी जाऊन-जाऊन उचलायची. ग्लोरिया जोन्सचं टेंटेड लव्ह साठच्या दशकाच्या मध्याला एका सिंगलच्या मागच्या बाजूला होतं, कोणी विचारलं नाही, या नाचणाऱ्यांनी ते जिवंत ठेवलं आणि १९८१ मध्ये सॉफ्ट सेल या ब्रिटिश ग्रुपने गायलं तर ब्रिटनमध्ये एक नंबर. टॅम्स या अमेरिकन ग्रुपचं "हे गर्ल डोन्ट बॉदर मी" १९६४ मध्ये अमेरिकेत ४१ नंबरवर थांबलं, म्हणजे फक्त पहिली ४० गाणी वाजवणाऱ्या स्टेशनांची यादी एका पायरीने हुकली, आणि १९७१ मध्ये ब्रिटनमध्ये पुन्हा काढलं तर थेट पहिलं.

लाखो रुपयांची जी रेकॉर्ड म्हणतात ती फ्रँक विल्सनची डू आय लव्ह यू, १९६५, मोटाउन या अमेरिकन कंपनीच्या सोल या लेबलवर. ती बाजारात आलीच नाही, प्रती नष्ट केल्या, हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्याच उरल्या, त्यातली एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना गेली. पण नीट बघा, ही चार्टला थोडक्यात हुकलेली रेकॉर्ड नाही, ही निघालीच नव्हती. हा फरक किंमत विचारणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवला पाहिजे. जी १०१ ते १२० मध्ये कुठेतरी होती तिच्या हजारोंनी प्रती छापल्या गेल्या, विकल्या गेल्या, म्हणून आज ती सापडते आणि बऱ्याचदा अगदी स्वस्तात सापडते. म्हणूनच नव्या माणसाने जमवायला सुरुवात करायची तर याच रेकॉर्डींपासून करावी असं माझं ठाम मत आहे, चार्टमधली सगळ्यांकडे आहेत, अजिबात न चाललेल्या परवडत नाहीत, आणि या मधल्यांमध्ये गाणी मात्र पहिल्या दर्जाची.

तर तुमच्याकडच्या एकेकीचा लेबल-नंबर घेऊन डिस्कॉग्स या रेकॉर्डींच्या वेबसाइटवर बघा, आणि तिथे लोक मागतात ती किंमत बघू नका, प्रत्यक्षात विकल्या गेल्याची जी माहिती असते ती बघा. पांढऱ्या लेबलची "विक्रीसाठी नाही" लिहिलेली प्रत म्हणजे रेडिओ स्टेशनांना फुकट पाठवलेली, ब्रिटिश असेल तर लेबलवर मोठा ए असतो. लोक समजतात ती नेहमी जास्त दुर्मिळ. न चाललेल्या रेकॉर्डीचं पुष्कळदा उलट असतं, रेडिओवाल्यांना वाटलेल्या प्रती उरतात आणि दुकानातली रंगीत लेबलवाली मिळत नाही. प्रत किती चांगली आहे यावर तर सगळंच अवलंबून, लेबल चकचकीत आणि खाचा करड्या झालेल्या असतील तर ती खूप वाजलेली आहे, उजेडात तिरकी धरून बघा. आणि जो सगळ्या मिळून एक आकडा सांगतो त्याने त्यातल्या दोन-तीन ओळखलेल्या असतात, एवढं धरून चला.

रेकॉर्डच्या मधे एवढं मोठं भोक आहे की प्लेअरवर बसतच नाही. तुटलीय का? – लोकमान्य नगर, इंदूर

नाही नाही, तुटलेली नाही, ती तशीच असते. आरसीए व्हिक्टरने १९४९ मध्ये ४५ स्पीडची रेकॉर्ड आणली तेव्हा दीड इंचाचं भोक ठेवलं, एकामागून एक रेकॉर्डी आपोआप लावणाऱ्या चेंजरवर पटापट पडाव्यात म्हणून, अमेरिकेत तेच राहिलं. प्लॅस्टिकचा अडॅप्टर मिळतो, एक घेतला की सगळ्यांना चालतो. ब्रिटिश रेकॉर्डीत मधला भाग चार काड्यांवर धरलेला असतो, ज्यूकबॉक्ससाठी (नाणं टाकून गाणं वाजवायच्या यंत्रासाठी) तो तोडून काढायचे. तुमच्याकडे तो शाबूत असेल तर कृपा करून तोडू नका.

पावसाळ्यानंतर रेकॉर्डींवर पांढरी बुरशी आली. घरात कोणी सांगतं साबण, कोणी स्पिरिट, कोणी खोबरेल तेल. काय लावू? आमच्याकडे लाखेच्या ७८ स्पीडच्या जुन्या रेकॉर्डी पण आहेत आजोबांच्या. – जुनी इंदूर

तेल नको, काहीही झालं तरी नको. तेल खाचेत बसतं, धूळ धरतं आणि नंतर कशानेच निघत नाही.

आधी तीन ढीग करा, कारण तिघींचं औषध वेगळं. पहिला ढीग लाखेच्या ७८ चा. त्यांना स्पिरिट लागलं की लाख विरघळते, गाणं गेलंच समजा, म्हणून स्पिरिट त्या खोलीत पण आणू नका. डिस्टिल्ड वॉटरमध्ये भांड्यांच्या सौम्य लिक्विडचा अगदी थेंब, मऊ फडकं, खाचेच्या दिशेने गोल फिरवायचं, लेबल कोरडं ठेवायचं, लगेच पुसून सावलीत वाळवायचं, पाण्यात भिजत ठेवायचं नाही. दुसरा ढीग व्हिनाइलचा, थोड्या वाकणाऱ्या. त्यांनाही तेच पाणी चालतं, बुरशी हट्टी असेल तर त्यात थोडंसं आयसोप्रोपाइल (एक प्रकारचं स्पिरिट) चालतं. तिसरा ढीग कोणाला माहीत नसतो, अमेरिकेतल्या बऱ्याच सिंगल्स व्हिनाइलच्या नव्हत्याच, पॉलिस्टायरीनच्या होत्या, वर सांगितलेला मोनार्क कारखाना तसल्याच काढायचा. हलक्या, कडक, टेबलावर ठेवली की टणक आवाज, लेबल वरून चिकटवलेलं. यांना स्पिरिट नको, फक्त पाणी. आणि जुनी झिजलेली सुई तर अजिबात नको कारण स्टायरीनची खाच एका वाजवण्यात सुद्धा खरडली जाते. जुना एचएमव्ही फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर घरात असेल तर त्याच्यावर माया करा पण या रेकॉर्डी त्याच्यावर लावू नका, त्याचा हात जड असतो. ७८ ला वेगळी जाड सुई लागते, ४५ च्या सुईने वाजवली तर ती खाचेच्या तळाशी खरखरत जाते.

बाकी ठेवणं. उभ्या ठेवा, एकमेकींना टेकून तिरक्या नकोत, एकावर एक तर नकोच. पीव्हीसीच्या मऊ पिशव्या टाळा, काही वर्षांत त्या रेकॉर्डवर धुरकट थर सोडतात. आणि आपल्याकडे मे महिन्यात जो पारा चढतो त्यात पश्चिमेच्या भिंतीचं कपाट आणि वरचा माळा दोन्ही वाईट. बुरशीवाली कागदी कव्हरं उन्हात ठेवा, रेकॉर्ड उन्हात ठेवू नका. हे उलटं करणारे पुष्कळ भेटतात.

काका, मी कॉलेजला आहे. इंग्रजी रेकॉर्डी इथे फारशा मिळत नाहीत आणि मिळाल्या तर महाग. मला आपल्या हिंदी-मराठीतल्या अशा हुकलेल्या रेकॉर्डी जमवायच्या आहेत. पण आपल्याकडे चार्टच नव्हता ना? मग हुकलं कशावरून म्हणायचं? – टुकोगंज, इंदूर

अगं, किती छान प्रश्न विचारलास! दुकानांच्या विक्रीचा छापील असा चार्ट आपल्याकडे नव्हता हे बरोबर, पण रेडिओ सिलोनवरची बिनाका गीतमाला होती. १९५२ च्या डिसेंबरात सुरू झाली, अमीन सयानींचा आवाज, दर बुधवारी रात्री, आणि क्रमवारी लावायला रेकॉर्डींच्या दुकानांची विक्री आणि गावोगावच्या श्रोता संघांची पत्रं असं दोन्ही बघायचे. त्याच वर्षी आकाशवाणीने सिनेमाची गाणी जवळजवळ बंद केली होती म्हणून सगळा देश कोलंबोकडे कान लावून बसला, विविध भारती आली ती १९५७ च्या ऑक्टोबरात. तेव्हा तुझ्यासाठी दार म्हणजे गीतमालेच्या वर्षअखेरच्या याद्या, त्या नेटवर मिळतात. साठच्या दशकातलं एकेक वर्ष घे, त्या वर्षीच्या सिनेमांची गाणी मांड आणि यादीत जी नाहीत ती ऐकायला बस. तुला धक्का बसेल.

आपल्याकडे गाणं हुकायची कारणं मात्र वेगळी. सिनेमा पडला की गाणं त्याच्याबरोबर जायचं. सिनेमात सात-आठ गाणी, ७८ वर एका बाजूला एक, म्हणजे चार रेकॉर्डी, दुकानदार त्यातली चालणारी एक-दोनच जास्त मागवायचा. नंतर ४५ ची ईपी आली, तिच्यात चार गाणी बसायची, मग एका सिनेमाच्या दोन ईपी निघायच्या, पहिलीत गाजलेली गाणी आणि दुसरीत उरलेली. माझ्या बघण्यात ही दुसरी ईपीच सापडायला कठीण असते, आणि बऱ्याचदा संगीतकाराने मन लावून केलेलं एखादं गाणं तिथेच सापडतं. तू फक्त दुसऱ्या ईपी जमवायच्या असं ठरवलंस तरी एक सुंदर संग्रह होईल, आणि मला नाही वाटत फार लोक असं करत असतील.

मराठीची गोष्ट अजून साधी आणि अजून दुःखाची. भावगीतांना कुठली गीतमालाच नव्हती, रेडिओवर "आपली आवड" होतं, आपल्या इंदूरला मालवा हाऊसचं आकाशवाणी स्टेशन १९५५ पासून आहे, तेवढ्यावर गाणं जगलं तर जगलं. ज्याची फर्माईश आली नाही ते विस्मरणात गेलं. आपल्या इथल्या जुन्या मराठी घरांत, रामबाग म्हण, नारायण बाग म्हण, अजून अशा ईपी कपाटात आहेत. घर पाडून फ्लॅट बांधायचे असले की त्याच्या आधीच्या आठवड्यात त्या अटाल्यात जातात. तू त्या आठवड्याच्या आधी पोच, एवढंच. ओळखीने जा, आजी-आजोबांशी बोल, लगेच विकत मागू नकोस, आधी ऐकवा म्हण. शिवाय इंदूरजवळ पिगडंबरला लता दीनानाथ मंगेशकर ग्रामोफोन रेकॉर्ड संग्रहालय आहे, एकदा जाऊन ये, एका माणसाने ठरवलं तर काय उभं राहतं ते डोळ्यांनी दिसतं.

अजून एक सांगतो, इंग्रजीचं दार अगदीच बंद समजू नकोस. इंग्लंड-अमेरिकेत साठ साल उजाडेपर्यंत ७८ संपल्यात जमा होत्या, आपल्याकडे मात्र चावीचे ग्रामोफोन घरोघर होते म्हणून कलकत्त्याजवळच्या दमदमच्या कारखान्यातून त्या निघतच राहिल्या. बीटल्सच्या सुद्धा! लाखेच्या ७८ वर बीटल्स, हिंदुस्थानात छापलेले, यासाठी जगभरचे संग्राहक जीव टाकतात. इंदूर-महूच्या कुठल्या पेटीत काय निघेल सांगता येत नाही, म्हणून लाखेच्या ढिगाऱ्यात फक्त हिंदी असेल असं धरून पुढे जाऊ नकोस, प्रत्येक लेबल वाच.

मिस्टरांचं म्हणणं, सगळं मोबाइलवर फुकट मिळतं तर ही अडगळ कशाला. मला रेकॉर्डी ठेवायच्या आहेत. काय उत्तर देऊ? – लष्कर, ग्वाल्हेर

त्यांना सांगा सगळं मिळत नाही. चार्टला हुकलेल्या सिंगलची मागची बाजू शोधून बघायला सांगा मोबाइलवर, छोट्या कंपन्या बुडाल्या, मूळ रेकॉर्डिंगच्या मास्टर टेप हरवल्या, हक्क कोणाकडे हेच माहीत नाही, त्यामुळे कित्येक गाणी आज फक्त त्या सात इंची तबकडीवरच आहेत. आणि जी मिळतात ती सुद्धा बऱ्याचदा वेगळी असतात, साठच्या दशकात सिंगल मोनोमध्ये (सगळा आवाज एकत्र) वेगळी मिक्स करायचे, रेडिओवर आणि छोट्या स्पीकरवर ठसठशीत वाजावी म्हणून, मोबाइलवर असतं ते पुष्कळदा एलपीचं, म्हणजे मोठ्या रेकॉर्डचं, स्टिरिओ (आवाज दोन बाजूंना वाटलेला). दोन्ही लागोपाठ ऐकवा त्यांना. ढोल आणि गळा मोनोत कसा पुढे येतो ते कळायला संगीत शिकलेलं असावं लागत नाही.

झोम्बीज या ब्रिटिश ग्रुपची गोष्टही सांगा त्यांना. टाइम ऑफ द सीझन १९६८ मध्ये इंग्लंडात निघालं, कोणी घेतलं नाही, ग्रुप तोवर फुटला होता. अमेरिकेत कंपनी ते काढायलाच तयार नव्हती, अल कूपर नावाच्या संगीतकाराने लंडनहून रेकॉर्ड आणली होती, त्याने आग्रह धरला म्हणून निघालं आणि १९६९ मध्ये तिसऱ्या नंबरवर गेलं. एका माणसाने ती प्रत अडगळ समजली नाही म्हणून.

इंग्लंडहून दोन सिंगल्स मागवतोय. पोस्टात तुटतील का? – देवास

सिंगल सहसा तुटत नाही, वाकते, आणि कव्हर फाटतं. विकणाऱ्याला आधीच लिहा की रेकॉर्ड कव्हरच्या बाहेर काढून शेजारी ठेवा, दोन्ही बाजूंना जाड पुठ्ठा लावा. दोनच मागवाल तर पोस्टाचा खर्च रेकॉर्डींपेक्षा जास्त पडेल, म्हणून त्याच माणसाकडून अजून आठ-दहा घ्या, न ऐकलेल्या, स्वस्तातल्या, शंभराच्या खालच्या. जादा वजनाला पोस्ट फारसं वाढत नाही आणि त्यातल्या दोन-तीन तरी तुम्ही मागवलेल्या दोघींपेक्षा जास्त वाजवाल. आल्या की लगेच लावू नका, पार्सल तापलेलं असतं, एक रात्र खोलीत सपाट राहू द्या.